पुसलेले खूर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या रविवारी एक फोटो आला. खारघरच्या डोंगरावर फिरायला गेलेल्या कुणीतरी काळ्या लेंड्यांचा अगदी जवळून फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं, की आपल्या इतक्या जवळ हरणं आहेत हे केवढं आपलं भाग्य. त्याखाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागली होती. मी चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘शेळीच्या आहेत.’ त्यावर कुणी अंगठा दिला नाही. सेक्रेटरींनी तेवढं मला वेगळं विचारलं, की काकू, तुम्हाला कसं काय ठाऊक? कामोठ्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट बंद पडली की कठडा धरून जिना उतरणाऱ्या बाईला लेंड्यांतलं काय कळणार, असं त्यांना वाटलं असेल, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. लहानपणी आमच्याकडे शेळ्या होत्या, असं मी त्यांना कळवलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे, आणि तो माणूस आता नाही.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्याच्या पुढच्या वर्षी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुर्भ्याच्या मागच्या डोंगरावर चौकी मिळाली. आबा पाटणकडचे, कोयनेच्या रानात गुरं राखत वाढलेले, आणि जंगल खात्यात रोजंदारीवर लागलेले. चौकी म्हणजे दगडी भिंतींची एक खोली, वर पत्रा, पुढे हातभर ओटा. शेवटच्या झोपडीपासून पाऊण तासाची चढण. लाकूडतोड्यांवर लक्ष ठेवायचं, उन्हाळ्यात वणवा लागला तर विझवायचा, आणि डोंगरावर जनावर आहे की नाही ते खात्याला कळवायचं, एवढं आबांचं काम. त्यांच्याबरोबर मी, दोन शेळ्या आणि आईचा पितळी डबा असे आम्ही वर राहायला गेलो. मोठी बहीण लग्न होऊन कराडला गेलेली होती. तिची पत्रं खाली आबांच्या चुलतभावाच्या, तात्यांच्या पत्त्यावर यायची आणि आठवड्याने मला मिळायची.

ओट्यावर बसलं की खाली सगळं दिसायचं. एका अंगाला दगडखाण, समोर कंपन्यांच्या चिमण्या, त्यांच्या पलीकडे खाडीचं करडं पाणी. दुपारी बारा वाजता खाणीत शिट्टी व्हायची, मग थोडा वेळ सगळं चिडीचूप, आणि मग सुरुंग. फळीवरची ताटं एकमेकांवर आपटून वाजायची आणि शेळ्या दोरीला हिसके द्यायच्या. कंपनीचा भोंगा दिवसातून तीनदा. हायवेवरचे ट्रक चढाला गिअर बदलायचे तोही आवाज वर यायचा. वारा तिकडून असला तर औषधासारखा एक वास यायचा आणि भाकरीलासुद्धा तो लागायचा. एवढे सगळे आवाज होते, पण त्यांत माणूस नव्हता. आज माझ्या गॅलरीतून नव्या विमानतळाची विमानं दिसतात. ती कानठळ्या बसवत जातात, आणि मला दर वेळी ती ताटं आठवतात.

भाकरी आबा थापायचे. त्यांच्या भाकरीची कड कधी फाटली नाही. आमटी मी करायचे, आणि ती चांगली व्हायची असं आज मी म्हणणार नाही. थंडीत संध्याकाळी हुलग्याचं माडगं, त्यात चिमूटभर मीठ आणि लसूण. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, जे दाराशी उगवेल ते. जेवताना आबा बोलत नसत. जेवल्यावरही नसत. ते वाईट नव्हते आणि रागीट तर मुळीच नव्हते. दहा वर्षांच्या मुलीशी काय बोलावं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईला ते ठाऊक होतं ती गेली होती. मग त्यांनी आपल्या परीने एक वाट काढली. ते मला खुणा दाखवू लागले.

डोंगरावर भेकर होतं. भेकर म्हणजे बुटकं, तांबूस हरीण, कमरेएवढंही उंच नाही, आणि ओरडतं तेव्हा कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. चार वर्षांत मी ते दोनदाच धडपणे पाहिलं, तेही पाठमोरं. पण ते नसताना ते कसं बघायचं, ते आबांनी शिकवलं. झऱ्याच्या कडेला ओल्या मातीत ते उकिडवे बसायचे आणि बोटाने दाखवायचे. हा शेळीचा खूर, पुढून बोथट, दोन्ही पाकळ्या फाकलेल्या. आणि हा भेकराचा, टोकदार, पाकळ्या जवळजवळ, सगळा मिळून माझ्या दोन बोटांवर मावणारा. लेंडी चिमटीत धरून दाखवायचे. शेळीची दोन्हीकडून सारखी, भेकराची एका टोकाला निमुळती, ताजी असेल तर गुळगुळीत आणि चकचकीत. मी नाक मुरडलं की म्हणायचे, पाला खाल्लेल्याची घाण नसते. कोवळा शेंडा खुडलेला दिसला की विचारायचे, कुणी खाल्ला? सशाने खाल्ला तर काप तिरपा, विळीने कापल्यासारखा स्वच्छ. भेकराला वरचे पुढचे दात नसतात, ते ओरबाडून तोडतं, मग देठाला धागे लोंबतात. नर शिंगं घासतो त्या बारीक खोडांची साल गुडघ्याएवढ्या उंचीवर सोललेली असते आणि आतलं लाकूड पांढरं दिसतं. गवतात सुपाएवढी जागा दबलेली असली तर तिथे ते बसलं होतं. हात लावून बघायचा, गार आहे की अजून ऊब आहे.

मला सगळ्यांत आवडायची ती आवळ्याच्या बियांची खूण. भेकर आवळे अख्खे गिळतं, मग निवांत जागी बसून रवंथ करतं आणि बिया तेवढ्या बाहेर टाकतं. करवंदीच्या जाळीमागे अशा पंधरावीस बियांचा ढीग सापडायचा, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ. आबा म्हणायचे, “हितं ते निवांत बसलं हुतं बघ. भ्यालेलं जनावर रवंथ करत न्हाई.” वर्षाभरात मी त्यांच्याआधी खुणा ओळखू लागले. तेव्हा ते काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि पुढे चालायला लागायचे. शाळेत कुठल्याच विषयात मला एवढी शाबासकी मिळाली नाही.

तरी पण मी एकटी होते, हे लिहायला आज मला लाज वाटत नाही. शाळा खाली तुर्भ्यात. दुपारी सुटली की बाकीच्या मुली गल्लीत लंगडी मांडायच्या आणि मला चढण गाठायची असायची, कारण अंधाराच्या आत वर पोहोचलं पाहिजे असा आबांचा नेम. तात्या मार्केटात माथाडी होते. चाळीतल्या त्यांच्या खोलीत काकू, माझ्या वयाची मंगल आणि तिची धाकटी भावंडं. दर शनिवारी मी तिथे जेवायला थांबायचे. तिथे सगळे एका ओळीत बसायचे, एकमेकांच्या ताटातली भाजी पळवायचे, काकू ओरडायच्या, शेजारच्या खोलीतून कुणीतरी वाटी मागायला यायचं. मी मंगलच्या शेजारी बसायचे आणि मुद्दाम हळू जेवायचे.

चौदावं लागलं तेव्हा मी मोठी झाले. ती वरच, चौकीत, एका सकाळी, आणि मला वाटलं की माझ्या पोटात काहीतरी फुटलं आणि आता मी आईसारखी मरणार. आबांना सांगायची सोय नव्हती. मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून घेतला, दुसऱ्या दिवशी तो झऱ्यावर धुतला आणि करवंदीच्या जाळीमागे, कुणी येत नाही तिथे वाळत घातला. पण त्या डोंगरावर आबांच्या नजरेतून सुटेल असं काही नव्हतंच. ते संध्याकाळी फेरी मारून आले, माझ्याकडे न बघता हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच खाली गेले. परत आले तेव्हा त्यांच्यामागे काकू होत्या, धापा टाकत, हातात पिशवी. आबा शेळ्या घेऊन दिवसभर बाहेरच राहिले.

काकू दोन दिवस राहिल्या. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, गरम पाण्याने न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावून वेणी घातली. रात्री माझ्या पाठीवर हात टाकून झोपल्या. तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना वळणापर्यंत पोचवायला गेले आणि त्या दिसेनाशा झाल्यावर तिथेच बसले. चौकी आधीही रिकामीच होती, पण ती रिकामी आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री मी मनाशी ठरवलं, की इथे राहायचं नाही. कसं, ते मला माहीत नव्हतं.

ते महिन्याभरात आपोआप समोर आलं. कार्तिकातली गोष्ट, पाऊस संपलेला, माती अजून ओली. आबांचे साहेब वर आले. भला माणूस होता, चढण चढून घामाघूम झाला होता. मी दिलेला चहा त्यांनी दोनदा मागून घेतला. वरून हुकूम आला आहे, म्हणाले, ज्या डोंगरावर जनावर उरलं नाही तिथल्या चौक्या बंद करायच्या. आबांनी तीन दिवस रोज सकाळी ठरलेल्या वाटेने झऱ्यापासून माथ्यापर्यंत चालायचं आणि दिसेल ती खूण वहीत लिहायची. चौथ्या दिवशी ते वही न्यायला येतील. काही सापडलं नाही तर चौकीला कुलूप आणि आबांना खाली तुर्भ्याजवळच्या रोपवाटिकेत काम. आबा नुसते हसले.

“खुना हायतच की साहेब,” ते म्हणाले. “लिवायला वही पुरायची न्हाई.”

साहेबांनाही ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. मी आत चुलीपुढे बसले होते. माझ्या कानात मात्र एकच शब्द राहिला होता, कुलूप. चौकीला कुलूप म्हणजे आम्ही खाली, तात्यांच्या खोलीत, नाहीतर त्यांच्या शेजारच्या खोलीत. म्हणजे रोज संध्याकाळी मंगल, रोज रात्री काकूंचं ओरडणं आणि ताटातली पळवापळवी. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला दिसलं नाही.

आबांची सकाळ ठरलेली असायची. अंधारातच शेळीची धार, मग आंघोळ, देव, चहा, आणि ऊन अंगणात आल्यावर बाहेर पडणं. झऱ्याचं पाणी मी त्याआधी आणायचे. म्हणजे मला तासभर मिळायचा. त्या तीनही सकाळी मी फटफटताच घागर आणि दोन्ही शेळ्या घेऊन निघाले. इतर दिवशी शेळ्या मी नेतच असे, त्यामुळे आबांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाटेवर झाडू फिरवायचा नाही, एवढं मला कळत होतं. झाडूच्या रेघा उठतात आणि रेघा ओढलेली जमीन आबांना लांबून ओरडून सांगेल की इथे कुणीतरी काहीतरी झाकलं आहे. म्हणून मी खुरांवरून शेळ्या चालवल्या, पुढे आणि पुन्हा मागे. शेळ्यांचे खूर वाटेवर नेहमीच असायचे. लेंड्या परकराच्या ओच्यात गोळा केल्या आणि घळीत फेकल्या, जुन्यासुद्धा, पावसाने फिक्या पडलेल्यासुद्धा. सोललेल्या खोडांवर ओला चिखल चोळून पुसला, म्हणजे आतलं पांढरं मळकं दिसेल आणि घासणं महिन्यापूर्वीचं वाटेल. ओरबाडलेले शेंडे खाली नखाने खुडले. दबलेलं गवत बोटांनी विंचरून उभं केलं, काकूंनी माझे केस विंचरले होते तसं. आवळ्याच्या बिया मुठीत घेतल्या आणि ओढ्यात सोडल्या. चार वर्षं आबांनी मला जे जे शिकवलं होतं ते ते सगळं मी त्या तीन दिवसांत वापरलं. त्यांना फसवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, कारण त्यांनी दुसऱ्या कुणाला शिकवलंच नव्हतं.

आवाज पुसता येत नाही, याची मला धास्ती होती. एकदा जरी भेकर ओरडलं असतं तरी सगळं फुकट. पण ते महिना महिना गप्प राहायचं आणि ते तीन दिवसही राहिलं.

दुसऱ्या सकाळी झऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी पसरून चिखल होतो तिथे, मला जे दिसलं ते आबांनीही त्या डोंगरावर कधी पाहिलं नव्हतं. आबांचा समज होता की तिथे एकटा नरच उरला आहे. पण तिथे भेकराचे दोन माग होते. एक नेहमीएवढा आणि त्याला लगटून दुसरा, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, कुठे कुठे पहिल्या खुरात पडलेला. मादी होती आणि तिचं पिल्लू होतं. शेळ्या मागे पाणी पीत होत्या आणि मी घागर कडेवर धरून उभी होते. आबांना हाक मारावी, त्यांना हात धरून इथे आणावं आणि त्यांच्या आधी बोटाने दाखवावं, असं मला फार वाटलं. ते खाली बसून किती वेळ बघत राहिले असते, तेही मला दिसलं. मग खालून कंपनीचा भोंगा झाला. मी शेळ्यांना हाकलं आणि चिखलातून नेलं.

वही माझ्याच हातची. आबांना सही येत होती, पण लिहायला वेळ लागायचा, म्हणून संध्याकाळी ते सांगायचे आणि मी लिहायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “लिव, काय न्हाई.” मी ‘काही नाही’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते वाट सोडून जाळीत शिरले होते, हातापायांवर ओरखडे होते, पण तिथेही माझे हात आधीच फिरले होते. त्याच दोन शब्दांना त्यांनी बराच वेळ घेतला. तिसऱ्या दिवशी ते आले आणि ओट्यावर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठलेच नाहीत. वणवा पसरू नये म्हणून गवत कापून मोकळा पट्टा ठेवतात त्याला जाळरेषा म्हणतात. ती त्यांनी आदल्याच आठवड्यात माथ्याखाली काढली होती, एकट्याने, कोयत्याने. “मीच उठवलं त्येला,” ते म्हणाले. “त्येच्या बसायच्या जागंपतूर कापत गेलो. महिनाभर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं.” माझ्या हातात पेन होतं. मी तिसऱ्यांदा ‘काही नाही’ लिहिलं. माझं अक्षर त्या काळी फार चांगलं होतं.

साहेबांनी वही वाचली आणि आबांकडे पाहिलं. आधी दिसलेलं काही लिहायचं असेल तर लिहा, असंही ते म्हणाले, म्हणजे त्यांना काय सुचवायचं होतं ते मलासुद्धा कळलं. आबा म्हणाले, नाही, तीन दिवसांत जे दिसलं तेच लिहिलंय. पंधरा दिवसांत चौकीला कुलूप लागलं. शेळ्या वाटेतल्या एका वाडीत विकल्या. तात्यांच्या खोलीशेजारी पोटमाळ्याची एक खोली मिळाली आणि आम्ही खाली आलो.

मी खोटं कशाला सांगू, सुरुवातीचे काही आठवडे मी सुखात होते. ओळीत बसून जेवत होते, समोरच्यांच्या टीव्हीवर पिक्चर बघत होते, गल्लीत लंगडी खेळत होते. मग हळूहळू लक्षात आलं, की शनिवारी येणारी पाहुणी वेगळी आणि रोजची वेगळी. मंगलला तिच्या मैत्रिणी होत्या आणि त्यांच्यात माझी जागा नव्हती. माझ्या बोलण्याला त्या हसायच्या, माझ्या कपड्यांना शेळीचा वास येतो म्हणायच्या, आणि तो येतही असेल. काकूंच्या मागे पाच माणसांचं करायचं होतं, माझी वेणी घालायला त्यांना सवड कुठली. पहाटे मला आपोआप जाग यायची, आणि घागर घेऊन जायला कुठेच नसायचं. नळाला पाणी सहाला यायचं. मी पडून राहायचे आणि भिंतीपलीकडे माणसं घोरताना ऐकायचे. आबा रोपवाटिकेत दिवसभर काळ्या पिशव्यांत माती भरायचे आणि संध्याकाळी गॅलरीत उभे राहायचे. तिथून डोंगर दिसायचा. आता आमच्यात बोलायला खुणाही उरल्या नव्हत्या.

एका संध्याकाळी मोळी विकणारी म्हातारी आली. ती वर भेटायची, आबांच्या ओळखीची. लाकडं उतरवता उतरवता तिने सहज सांगितलं, की तुमी गेलात आनि तुमचं भेकर बघा, रोज सांजचं वराडतंय. मी दारात तांदूळ निवडत होते. आबा तिच्याकडे बघतच राहिले, आणि एक क्षण मला वाटलं की आता हे सगळं निघणार. मला ते निघायलाही हवं होतं.

“न्हाई मावशे,” आबा म्हणाले. “कुत्रं असंल. मी सोता बघितलंय, वर काय न्हाई ऱ्हायलं.”

भेकराचा आणि कुत्र्याचा आवाज झोपेतसुद्धा ओळखणारा माणूस हे बोलत होता. त्याने कान सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि ते डोळे मी बांधले होते. मी तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. पुढे शाळा संपली, लग्न झालं, मुलगा झाला, तो पुण्याला गेला, नवरा गेला, आबा माझ्याकडे कामोठ्याला राहायला आले. या सगळ्यात सांगायची वेळ हजारदा आली आणि मी ती हजारदा घालवली. लोक म्हणतात काळ गेला की अशा गोष्टी हलक्या होतात. माझा अनुभव तसा नाही. मला दर वर्षी ती जास्त जड झाली, कारण आता गोष्टीबरोबर न सांगितलेली वर्षंही उचलावी लागत होती.

आबांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पायांतलं बळ गेलेलं, बोलणं पूर्वीपेक्षाही कमी. दुपारी मी त्यांना मऊ भात भरवत होते. मधेच त्यांनी माझा हात थांबवला आणि म्हणाले, “ती जाळरेषा मी त्या आठवड्यात काढाय नको हुती.” काही संदर्भ नाही, काही नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली होती आणि त्यांच्यासाठी ते कालचं होतं. मी ताट खाली ठेवलं. आणि सांगितलं. शेळ्या, परकराचा ओचा, चिखल, गवत, बिया, सगळं ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होते.

त्यांनी विचारलं, “माथ्याखालच्या जागंवर ऊब हुती का?”

“होती,” मी म्हणाले. “तिसऱ्या दिवशीसुद्धा होती.”

“म्हंजे जाळरेषेनं गेलं न्हवतं.”

“नाही आबा. ते कुठे गेलंच नव्हतं.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते रडतील, किंवा मला जा म्हणतील, आणि दोन्हीची माझी तयारी होती. पण त्यांचा चेहरा सुटत गेला, कपाळावरची आठी मी पहिल्यांदाच नसलेली पाहिली. त्यांनी विचारलं, “एकटाच हुता न्हवं त्यो?” मी त्यांना मादीचं सांगितलं, आणि पिल्लाचं. नखाएवढे खूर, आईच्या खुरात पडलेले. त्यांनी माझा अंगठा हातात घेतला आणि नखावरून बोट फिरवून माप घेतलं. “लई ल्हान,” ते म्हणाले. “आठा-पंधरा दिसांचं असंल.” मग उरलेला भात त्यांनी आपल्या हाताने खाल्ला.

त्यानंतर ते सहा महिने होते. दूधवाल्याला, केबलवाल्याला, त्यांना इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सला, जो येईल त्याला ते सांगायचे, की आमच्या डोंगरावर भेकराची जोडी होती आणि पिल्लू होतं, शेवटपर्यंत होतं. मी ते पुसलं होतं, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आणि का पुसलं, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मी रोज वाट बघायचे. औषध देताना, पाय चेपताना, रात्री पांघरूण घालताना वाटायचं, आज विचारतील. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चौदाव्या वर्षापासून तयार होतं, आणि ते अगदी लहान होतं. आबा, मला तिथे फार एकटं वाटायचं. एवढंच.